उजव्या भिंतीला टेकलेली माशी

मी माशी बोलतेय. घाणीवर बसणारी नाही. बंदुकीच्या नळीच्या टोकावर बसणारी, ज्वारीच्या दाण्याएवढी, लोखंडाची. हो, मलाही माशीच म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं देव जाणे. मला पंख नाहीत आणि मी कधी कुणाच्या ताटात पडले नाही. उलट माणसंच माझ्याकडे एक डोळा मिटून, श्वास कोंडून बघत आली.

आता कुणी बघत नाही. मी एका मिश्रीच्या डबीत पडून आहे. माझं आयुष्य काही मोठं नाही, पण जे झालं ते झाकून ठेवणाऱ्यातली मी नाही. ज्यांनी बोलायला हवं होतं त्यांनी तोंड शिवून घेतलंय, म्हणून मला बोलावं लागतंय.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लेथवर फिरवून माझं डोकं गोल केलं, खाली बारीक मान काढली आणि डाख देऊन नळीच्या टोकावर बसवलं. ती छर्‍याची बंदूक होती. नळी मधून मोडायची, छरा भरायचा, पुन्हा सरळ करायची. माझ्या जोडीला मागे, डोळ्याच्या जवळ, पत्र्याची एक खाच होती. ती आणि मी, दोघींचं मिळून एक काम. खाचेच्या बरोबर मध्ये मी दिसायला हवी, माझं डोकं खाचेच्या काठाला समान हवं आणि डोक्यावर निशाण. तिन्ही एका रेषेत आले की घोडा ओढायचा.

ऐकायला सोपं आहे. पण माणसाचा डोळा एका वेळी एकाच जागी नीट बसतो. खाच नाकाजवळ, मी हातभर लांब, फुगा त्याहून लांब. तिन्ही स्वच्छ कुणालाच दिसत नाहीत. ज्याला कळतं तो माझ्याकडे बघतो. फुगा पुसट दिसला तरी चालतं, मी पुसट झाले की नेम गेला. पण जत्रेतला माणूस फुग्याकडेच बघत राहतो. त्याला लाल फुगा हवा असतो, मी नको असते. मग चुकलं की वार्‍याला शिव्या देतो.

पहिला मालक पनवेलजवळच्या एका आमराईचा. माकडं हाकलायला त्यानं बंदूक घेतली. माकडांनी त्याला चांगलं ओळखलं होतं. तो नेम धरेपर्यंत ती आंबा खाऊन कोय त्याच्या अंगावर टाकायची. कंटाळून त्यानं बंदूक माळ्यावर फेकली. तिथून ती उरणच्या धर्मराजकडे आली.

धर्मराज कोळी. होडीवर जायचा. कमरेचं दुखणं मागे लागलं, होडी सुटली, मग त्यानं जत्रा धरल्या. एक लाकडी फळी, तिच्यावर फुग्यांच्या रांगा, पुढे बाकडं, बाकड्यावर मी. फुगे फोडले की कप, कंगवा, साबण, नाहीतर स्टीलचा डबा. सकाळी तो मला तेलाच्या फडक्यानं पुसायचा आणि म्हणायचा, "ज्याचा नेम त्याचा कप." गिर्‍हाईकानं फोडलं तर ह्यालाच जास्त आनंद. असा माणूस धंद्यात टिकत नाही, आणि तो टिकलाही नाही. धंदा बुडण्याआधीच काविळीनं त्याला नेलं.

मागे बायको सोनाबाई आणि लहानगी विनिता. त्याचे तेरा दिवस झाले आणि दीर दारात येऊन म्हणाला, "वहिनी, बाईमाणसानं बंदूक घेऊन जत्रंत बसायचं म्हंजे आमची तोंडं काळी."

सोनाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग तू बस. आनि रोज सांजेला माझ्या घरात पीठ आनून दे. तुझा तोंड गोरा र्‍हाईल."

दीर गेला तो परत आला नाही. सोनाबाईनं पोरगी उचलली, पनवेलात एक खोली घेतली आणि बंदूक हातात घेतली. बाई कशी होती म्हणाल तर अशी. जत्रेत कुणी दारू पिऊन बाकड्याला रेलला तर ती त्याची गचांडी धरून त्याच्या बायकोपाशी नेऊन सोडायची. वर बायकोला म्हणायची, "घे गो तुझा माल, उतू चाललाय."

पहिल्याच हंगामात चार नेमबाज पोरं आली आणि तिचे सगळे डबे जिंकून घेऊन गेली. दुसर्‍या ठिकाणीही तसंच झालं. घरी विनिता तापानं पडली होती. त्या सकाळी सोनाबाईनं मला पदरानं पुसलं, पक्कडीत धरलं आणि उजवीकडे दाबलं. बांगड्या तेवढ्या वाजल्या.

केसभर कलले मी. कुणाला दिसायची नाही इतकीच. पण नळीच्या टोकाशी केसभर म्हणजे फळीपाशी फुगाभर. आता मला खाचेच्या मध्ये धरलं की नळीचं तोंड डावीकडे वळलेलं असायचं. छरा फुग्याच्या डाव्या कानाजवळून जायचा आणि फळीत रुतायचा. माणसं हळहळायची, "अरे, थोडक्यात गेला!" आणि पुन्हा छरा मागायची. थोडक्यात गेला की माणूस परत येतो. लांबून गेला तर घरी जातो. सोनाबाईनं मला नेमकं तेवढंच वाकवलं होतं, जेवढ्यानं आशा मरत नाही.

वाकड्या माशीवरून मी किती माणसं बघितली! बायकोसमोर नेम धरणारा पोट आत घेतो, जणू छरा पोटातून सुटणार आहे. साहेबलोक चष्मा पुसतात, मग बंदूक पुसतात, मग चुकतात. बायका हसत हसत धरतात आणि दुसर्‍या छर्‍याला त्यांचंही हसू जातं. पोरं जीभ बाहेर काढून नेम धरतात आणि चुकल्यावर बापाकडे बघतात. बाप म्हणतो, "दे इकडे." मग बापही चुकतो. तेव्हा पोराच्या चेहर्‍यावर जे दिसतं ते मला कधी आवडलं नाही.

विनिता त्याच बाकड्याखाली वाढली. फुगे फुगवायची, फुटलेली रबरं गोळा करायची. जरा उंच झाली तशी सोनाबाईनं तिच्या हातात बंदूक दिली. कुणीतरी फुगे फोडून दाखवणारं हवंच असतं. त्याशिवाय लोकांना विश्वास बसत नाही की फुटतात म्हणून.

"हिला मदी नाय धरायची," सोनाबाई म्हणाली. "ही खाचंची उजवी भिंत दिसते ना? तिला टेकव. पार चिकटव. आनि मंग वर फुगा."

विनितानं मला उजव्या भिंतीला टेकवलं. फुगा फुटला. पोरगी नाचली. बरोबरच होतं ते: मी जेवढी उजवीकडे कललेली, तेवढीच उजवीकडे मला दिसू दिली की नळी पुन्हा सरळ होते. पण हे गणित सोनाबाईनं सांगितलं नाही आणि पोरीनं विचारलं नाही. तिला वाटलं, बंदूक अशीच धरतात. सगळ्या जगात अशीच धरतात.

एकदा एका चिमुरड्याचे सगळे छरे वाया गेलेले बघून विनिता वाकून त्याला सांगायला गेली, "अरे, भिंतीला टेकव ना..."

सोनाबाईनं तिचा दंड धरून मागे ओढलं. "गिर्‍हाइकाला शिकवायचा नाय."

"पन आये, त्यांना कुनालाच धरता येत नाय!"

"नाय येत तर नाय येत. त्यांच्या आयशीनं शिकवलं नाय. तुला तुझ्या आयशीनं शिकवलाय. फुगे फुगव."

विनिताला लोकांची कीव यायची. एवढी शिकलेली माणसं, गाड्यांतून येतात आणि यांना साधी माशी धरता येत नाही! तिचा हात मात्र दगडासारखा झाला होता. दहावी झाली तेव्हा ती वार्‍यावर हलणारा फुगा हलता हलता फोडायची. श्वास अर्धा सोडून थांबायची, डोळा माझ्यावर ठेवायची, फुग्यावर नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचा बाप असता तर त्यानं सगळे डबे तिलाच देऊन टाकले असते.

बेलपाड्याच्या गावदेवीच्या जत्रेत ते घडलं. खारघरच्या मोठ्या इमारतींच्या मधोमध ते जुनं गाव. जत्रेत गावचे आगरीही येतात आणि इमारतीतले लोकही. जत्रेच्या कमिटीत भगवान नावाचा माणूस होता, गळ्यात साखळी, हातात मोबाईल. ठेल्याची जागा कुणाला द्यायची ते तो ठरवायचा. ओव्याच्या जत्रेतही त्याच्या मेव्हण्यांचंच चालायचं. त्या संध्याकाळी तो स्वतःच्या पोराला, प्रितेशला घेऊन आला. प्रितेश चुकला. भगवान चुकला. पुन्हा चुकला. आजूबाजूला गर्दी हसायला लागली.

भगवाननं बंदूक बाकड्यावर आपटली. मी कळवळले. "सोनाबाय, बंदूक वाकडी हाय तुझी."

"नाचता येत नसल तं आंगन वाकडा बोलू नको, भाऊ," असं काहीतरी दुसरी कुणी बाई बोलली असती. सोनाबाई तसलं उसनं बोलायची नाही. ती सरळ म्हणाली, "बंदूक नाय, तुझा हात वाकडा. विनिता, ये गो हिकडं. ह्या शेटला दाखव."

विनितानं बंदूक घेतली. मला भिंतीला टेकवलं. एका ओळीतले फुगे एकामागून एक फुटले, जणू कुणी दोरी ओढली. गर्दी ओरडली, शिट्ट्या झाल्या. भगवानचं तोंड उतरलं, पण तो हटला नाही. "ती तुझीच पोर. तिला तुजी सगली मेख ठाव असंल. देवीसमोर बोल, बंदूक सरल हाय."

सोनाबाईनं विनिताच्या डोक्यावर हात ठेवला. देवळाकडे तोंड केलं. "ह्या पोरीची शप्पत. माझी बंदूक सरल हाय. खोटा बोलत आसंन तर हिच्या डोळ्यावर येईल."

मी ऐकलं. मी वाकडी होते आणि मी ऐकलं. लोखंडाला घाम फुटत असता तर तेव्हा फुटला असता.

गर्दीत एक उंच माणूस शांतपणे उभा होता. भगवान गेल्यावर तो पुढे आला. विनायक सर त्याचं नाव. खारघरात एका इमारतीच्या तळघरात त्यानं नेमबाजीचा क्लब काढला होता. त्यानं विनिताला विचारलं, "बाळ, किती वर्षं मारतेस?"

"ल्हानपनापासून."

"माझ्याकडे ये. एका मुलीला मी फुकट शिकवणार आहे. रायफल क्लबची, छरे क्लबचे. नीट खेळलीस तर पुढे खेळाच्या कोट्यातून पोलिसात जाशील. शनिवारी सकाळी चाचणी आहे."

त्या दिवसापासून विनिताच्या तोंडात दुसरं काही नव्हतं. "आये, पोलीस झाले ना, तुला जत्रंत नाय बसू देनार." सोनाबाई हसायची आणि हसता हसता माझ्याकडे बघायची.

शनिवारीच दुपारपासून ओव्याची जत्रा होती. ओवे खारघरच्या कडेलाच, म्हणून सोनाबाईनं सगळा पसारा बरोबर घेतला: फळी टेम्पोनं पुढे पाठवली आणि बंदूक गोणपाटात गुंडाळून काखेत मारली. टोक तेवढं बाहेर राहिलं. म्हणून मी सगळं बघितलं.

तळघरात गारवा होता. भिंतीला नाना तर्‍हेच्या बंदुका टेकवलेल्या, आणि त्यांच्यावर माझी भावंडं. भावंडं कसली, साहेबाची पोरं! एकीच्या मागे खाच नव्हती, बारीक भोकाची चकती होती. त्या भोकातून बघितलं की डोळा आपसूक मधोमध जातो, माणूस अंधार्‍या भोकात उजेडाचा मध्यच शोधतो. पुढची माशीही दाण्यासारखी नाही, गोल कडी. कडीत निशाणाचा काळा ठिपका बसवायचा, झालं. दुसरीवर दुर्बीण होती. ती लांबचं जवळ आणते आणि आत बारीक रेघांची फुली दाखवते. तिच्यात खाच, माशी, निशाण अशी ओढाताण नाही, सगळं एकाच काचेवर. पण मान जरा वाकडी झाली की तिच्यात काळोख येतो, आणि आजूबाजूचं जग तर दिसतच नाही. तिसरी सगळ्यांत लाडावलेली. तिच्या काचेत लाल दिव्याचा ठिपका. डोळा इकडे तिकडे हलला तरी ठिपका निशाणावरच राहतो. तिला सेल लागतो. सेल संपला की ती आंधळी.

त्या सगळ्यांच्या अंगावर बारीक चाव्या होत्या. नेम डावीकडे पडतोय? चावी फिरवा. वर जातोय? चावी फिरवा. कुणी वाकवायला नको, कुणी झाकायला नको. माझ्या अंगावर तसली एक चावी असती तर ही गोष्टच झाली नसती.

पण विनायक सर म्हणाला, "दुर्बीण, चकती हे सगळं नंतर. आधी साधी माशी. तिच्यावर हात कळतो." त्यानं विनिताला साधी रायफल दिली. खाच आणि माशी, माझ्यासारखीच. फक्त सरळ.

तेव्हाच मला कळलं. सोनाबाईलाही कळलं असावं, कारण गोणपाटावरचा तिचा हात एकदम घट्ट झाला.

विनितानं रायफल खांद्याला लावली. श्वास अर्धा सोडला. आणि त्या सरळ माशीला तिनं उजव्या भिंतीला टेकवलं. लहानपणापासून जसं टेकवत आली तसं, आईनं सांगितलं तसं.

कार्ड दोरीवरून पुढे आलं. विनायक सरानं ते उजेडात धरलं.

"हात बघा हिचा," तो म्हणाला. "सगळे छरे एकमेकांच्या अंगावर. एका बटणाखाली झाकतील. पण सगळे काळ्याच्या बाहेर, उजवीकडे. बाळ, माशी कुठे धरतेस खाचेत?"

"उजव्या भिंतीला टेकवून."

"का?"

विनिता गोंधळली. "तशीच धरतात ना, सर?"

मागे पोरांची रांग होती. कुणीतरी फिसकन हसलं.

"मध्ये धर. परत मार."

तिनं मध्ये धरली. पण हाताला ते ठाऊकच नव्हतं. डोळा मध्ये म्हणे, हात भिंतीकडे ओढे. छरे चाळणीसारखे विखुरले. कार्ड आलं तेव्हा ती त्याच्याकडे बघेना.

विनायक सर सोनाबाईकडे आला. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही त्यानं. "ताई, एकच विचारतो. तुमच्या बंदुकीची माशी वाकलेली आहे का? ती वाकडी असेल तर पोरीचा दोष नाही, बंदुकीची सवय आहे. मी काढेन ती. असा हात मी अजून बघितलेला नाही. पण बंदूक सरळ असेल तर मग तिची नजरच तिरकी बसते. डोळ्याचा दोष. तसं असेल तर मी घेऊ शकत नाही, जागा एकच आहे."

सोनाबाईचं तोंड उघडलं. खरंच उघडलं, मी बघितलं. तिचा तळहात गोणपाटावर, माझ्या अगदी जवळ होता. एक शब्द. 'वाकडी हाय,' एवढंच.

"अरे वा, सोनाबाय!" मागून आवाज आला. भगवान. प्रितेशचं नाव घालायला तो आला होता, खुर्चीत पाय पसरून बसला होता. "सांग की सरांना. बेलपाड्याला तं देवीसमोर छातीवर हात मारून सांगितलंस. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. का तवा खोटा बोललीस?"

सगळ्यांच्या माना वळल्या. रांगेतली पोरं, त्यांचे आईबाप. त्यांतले कितीतरी माझ्यावरून नेम धरून चुकलेले. विनितापण बघत होती, हातात रायफल तशीच.

हो म्हणावं तर पोरीसमोर खोटी शपथ उघडी पडते, जत्रा सुटतात, चूल विझते. नाही म्हणावं तर पोरगी जाते. आणि भगवानचं ते हसणं. सोनाबाईला कुणी हसलेलं सोसायचं नाही. तोच तिचा कणा होता आणि तिथंच तिचा घात झाला.

"बंदूक सरल हाय," ती म्हणाली.

"दाखवता?" विनायक सरानं हात पुढे केला.

तिनं गोणपाट छातीशी ओढलं. "जत्रंला उशीर होतो. चल गो विनिता."

जिना चढताना विनिता म्हणाली, "आये, माझा डोळा खराब हाय?"

सोनाबाई पुढे चालत राहिली.

ओव्यात पोचल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मैदानात पाळण्याच्या दांड्या उभ्या राहत होत्या, धूळ उडत होती. विनिता फुगे फुगवायला बसली, पण दर फुग्याला हात डोळ्याला जायचा. चोळून चोळून तिचा उजवा डोळा लाल झाला. पाणी यायला लागलं. शेजारी शांती खेळण्यांचा ठेला मांडत होती. तिनं सहज विचारलं, "आगो, डोळा का सुजला तुझा?"

सोनाबाईनं वळून बघितलं. आणि फळीपुढे फोडायला हातात घेतलेला नारळ तिच्या हातून खाली पडला.

मला वाटतं तेव्हा तिच्या मनात एकच होतं. शपथ. 'हिच्या डोळ्यावर येईल.' आली. धूळ गेली असेल, रबराची पूड गेली असेल, पण घाबरलेल्या आईला कोण सांगणार? ती बंदूक घेऊन कनातीच्या मागे गेली. पक्कड काढली. तीच पक्कड.

"सरल हो," ती माझ्याशी बोलली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "सरल हो गो बाय. शप्पत खरी होऊ दे."

बाई, मी लोखंड आहे, मेण नाही. एकदा वाकवलेलं लोखंड मानेशी थकतं. इतकी वर्षं मी त्या थकलेल्या मानेवर उभी होते. तिनं डावीकडे दाबलं. मी थोडी हलले. तिनं पुन्हा दाबलं.

कट् झालं.

मी धुळीत पडले. नळीच्या टोकाला एक खरखरीत ठिपका राहिला. तिथं आता ना वाकडं ना सरळ. सोनाबाई त्या ठिपक्यावर अंगठा फिरवत बसली. तिला तेव्हा समजलं की तिनं काय केलं: पोरीचा डोळा निर्दोष आहे हे दाखवायला जगात एकच साक्षीदार होती. मी. वाकडी, माझ्या जागेवर उभी. सरांकडे जाऊन नुसती समोर धरली असती तरी पुरलं असतं. आता तुटलेली बंदूक नेऊन 'ती वाकडी होती हो' म्हटलं तर कोण ऐकणार? पोर पडल्यावरची सबब म्हणतील.

विनिता कनातीमागे आली. बंदूक बघितली, आईचं तोंड बघितलं. वाकून तिनं मला उचललं, चिमटीत धरलं, एक डोळा मिटून उजेडात बघितलं. सवयच तिला. माझी मान वाकलेली तिला लगेच दिसली.

माझ्यात जीव आला. बघ, म्हटलं. नीट बघ पोरी. ही मोड आताची नाही, हिच्यावर जुना गंज आहे.

"तुटताना वाकली वाटतं," विनिता म्हणाली.

सोनाबाई तिच्याकडे बघत होती. सरकन बोलून टाकायचं होतं. तिथं भगवान नव्हता, गर्दी नव्हती, देवी नव्हती.

"हं," ती म्हणाली.

त्या दिवशी फळी मांडलीच नाही. फुगवलेले फुगे शांतीच्या ठेल्यावरून पोरांना वाटून टाकले. बंदूक पुढे भंगारात गेली. क्लबातली ती जागा दुसर्‍या कुणा मुलीला मिळाली. सोनाबाई आता पनवेलच्या बाजारात कोलंबी-जवळा घेऊन बसते, विनिता तिच्या शेजारी. विनिताचा डोळा दुसर्‍याच दिवशी साफ झाला होता. पण त्याच्यावरचा तिचा विश्वास उडाला तो कायमचा.

एकदा ती म्हणाली, "आये, डोळ्याच्या डाक्टरकडं जाऊन येऊ?"

"जाऊ कवातरी," सोनाबाई म्हणाली. नेलं नाही अजून. कशी नेईल? डॉक्टर म्हणेल, डोळा चांगला आहे. मग पोरगी विचारेल, मग छरे उजवीकडे का गेले?

परवा गल्लीतल्या पोरी आल्या होत्या. पोलीस भरती निघाली होती, त्या मैदानावर पळायला जाणार होत्या. "तू पन चल गो विनिता, तुझा दम चांगला हाय."

"डोळे तपासतात तिथं," विनिता कोलंबी सोलत म्हणाली. "माझा डोळा तिरका बसतो. सरांनी सांगितलंय."

सोनाबाई तेव्हा उंबर्‍यात मिश्री लावत बसली होती. मिश्रीच्या डबीत मी असते. मी तुटले त्या दिवशी तिनं मला फेकलं नाही, डबीत टाकलं. रोज सकाळी मिश्री काढताना तिचं बोट मला लागतं. तेव्हाही लागलं. बोट माझ्यावर थांबलं. जड झालं. मी वाट बघितली. पोरी गेल्या, गल्लीतून त्यांच्या हसण्याचा आवाज लांब गेला. बोट तसंच होतं. मग तिनं डबीचं झाकण लावलं.

सोनाबाईला मी शिव्या घालणार नाही. तिनं मला वाकवलं ते पोरीसाठी आणि मोडलं तेही पोरीसाठी. पण तिचं गप्प बसणं पोरीसाठी नाही, एवढं मी सांगेन. मला वाकवलं ते पक्कडीला दिसलं तरी. पोरीला जे वाकवलं ते कुणाला दिसत नाही.

मला तोंड नाही. असतं तर डबीचा पत्रा फाडून ओरडले असते. तुम्हाला आहे. पनवेलच्या मासळीबाजारात कधी गेलात तर कोपर्‍यात एक मुलगी दिसेल. तागडीचा काटा बघताना उगाच उजवा डोळा बारीक करते आणि काटा मध्ये आला तरी तिला विश्वास बसत नाही, पुन्हा बघते. तिची आई जवळ असेल, ती तुमच्या अंगावर येईल; येऊ दे. कोलंबी घ्या, नका घेऊ, पण तिला एवढं सांगा:

पोरी, माशी वाकडी होती. तुझा डोळा सरळ आहे.